बॉम्बर विमानं हजारो किलोमीटर पुढे नेऊन नुसती उभी का करतात?

एप्रिल 2025 मधली गोष्ट. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या गाड्यावर एक फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होता. उपग्रहातून काढलेला. चहूकडे निळं पाणी, मधे लांबलचक धावपट्टी आणि तिच्या कडेला वटवाघळासारखी पंख पसरून बसलेली सहा काळी विमानं. जागा दिएगो गार्सिया, विमानं अमेरिकेची बी-2.

आमच्यात एक निवृत्त सुभेदार असतात, मूळचे साताऱ्याकडचे. पद सुभेदाराचं, पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण ‘मेजर’च. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, “हल्ला करायचाय तर करा की. हितं आणून हुबी कशाला करायची? आन् करायची तर अशी उघड्यावर, वरनं कुणीबी फोटो काढावा अशी?”

तो फोटो निघावा म्हणूनच ती उघड्यावर होती. पण एवढ्यानं मेजरांचं समाधान होणार नव्हतं, म्हणून हा सगळा पसारा.

आधी नकाशा

मुंबईवर बोट ठेवा आणि सरळ खाली दक्षिणेकडे रेघ ओढा. विषुववृत्त ओलांडून, मुंबईपासून साधारण 2,900 किलोमीटरवर, ती रेघ जवळजवळ दिएगो गार्सियावरच जाते. कन्याकुमारीपासून हे अंतर 1,800 किलोमीटरच्या आसपास. प्रवाळाचं बेट, ताबा ब्रिटनचा, तळ मुख्यतः अमेरिकेच्या वापराचा. तिथल्या मूळ चागोसी रहिवाशांना 1968 ते 1973 या काळात बेटांवरून हलवलं गेलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला द्यायचं आणि तळ 99 वर्षांच्या भाड्यानं ठेवायचा, अशा करारावर मे 2025 मध्ये सह्या झाल्या. विस्थापितांचा तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. धरणग्रस्तांच्या जिल्ह्यात तो वेगळा समजावूनही सांगावा लागणार नाही.

बॉम्बर आणि फायटर यांत फरक काय?

पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई उडतात. ती लढाऊ विमानं, म्हणजे फायटर. चपळ, गरजणारी, हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानाशी भिडणारी. बॉम्बर हा त्या मानानं मालट्रक. वेगापेक्षा पल्ला आणि वजन महत्त्वाचं. अमेरिकेचं बी-52 घ्या: आठ इंजिनं, 31 टनांच्या आसपास शस्त्रं वाहायची ताकद, 1955 पासून सेवेत. शेवटचं बी-52 कारखान्यातून 1962 मध्ये बाहेर पडलं, म्हणजे आज ते चालवणाऱ्या बहुतेक पायलटांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. नवी इंजिनं बसवून ते अजून काही दशकं वापरायचा बेत आहे. एसटीच्या डेपोतल्या लोकांना याचं विशेष वाटू नये.

यातल्या दूर पल्ल्याच्या बॉम्बरना ‘व्यूहात्मक’ म्हणतात. समोरासमोरच्या लढाईत मदत करणं हे त्यांचं मुख्य काम नाही. शत्रूच्या देशात आत खोलवर जाऊन त्याचे कारखाने, तळ, लढाई चालवणारी केंद्रं, म्हणजे लढायची कुवतच मोडणं, यासाठी ती आहेत. आज अशी विमानं तीनच देश बाळगून आहेत: अमेरिका, रशिया आणि चीन.

दुसरा शब्द ‘डिटरन्स’. मराठीत त्याला जड प्रतिशब्द आहेत, पण आपल्याकडे त्याहून चांगला शब्द रोज वापरात आहे: वचक. समोरच्यानं पाऊल उचलायच्या आधीच त्याच्या मनात ‘हे आपल्याला परवडायचं नाही’ असा हिशेब पक्का करून टाकणं, म्हणजे वचक. इथून पुढे तोच शब्द.

मिरजेतलं पथसंचलन

गणपतीच्या आधी मिरजेत पोलिसांचं पथसंचलन निघतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हा विषय निम्मा कळलेला आहे. पुढे जीप, मागे हेल्मेट घातलेले, लाठ्या आणि ढाली घेतलेले जवान, त्यात राखीव दलाची तुकडी. बुटांचा एका लयीतला आवाज. दुकानदार दारात येऊन बघतात, पोरं मोबाइलवर चित्रण करतात. कुणाला पकडत नाहीत, कुणावर लाठी उगारत नाहीत. तासाभरात सगळे गाडीत बसून परत.

मग साधलं काय? गर्दीत ज्या दोन-चार जणांच्या डोक्यात काही शिजत असेल, त्यांनी बघितलं. तेवढंच साधायचं होतं.

पण हे बघणं उपयोगी पडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. यांच्याकडे ताकद आहे, हे पटलं पाहिजे. वेळ आली तर हे ती वापरतील, असं वाटलं पाहिजे. आणि या दोन्ही गोष्टी समोरच्यापर्यंत पोहोचल्या पाहिजेत. गाडीच्या आत पडदे लावून बसलेल्या शंभर पोलिसांचा वचक शून्य. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या तळावर झाकून ठेवलेली बी-2 ही अशी गाडीतली तुकडी. सगळ्यांना माहीत असतं की ती आहेत. पण दिएगो गार्सियावर ती रांगेत उभी दिसली की तेच पथसंचलन होतं. त्या एप्रिलमध्ये येमेनमधल्या हूती बंडखोरांवर अमेरिकेचे हवाई हल्ले चालू होते आणि इराणशी अणुकार्यक्रमावर बोलणी सुरू व्हायच्या बेतात होती. फोटो कुणासाठी होता, हे वेगळं सांगायला नको.

मग ही नुसती दाखवणूक?

नाही. दुसरं उदाहरण सांगलीचंच. पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी बोटींसह सांगलीत आणून ठेवतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. पाणी चढायला लागल्यावर पुण्याकडून बोटी मागवायच्या, तर तोवर रस्तेच बंद. इथे दाखवण्याचा प्रश्नच नाही, कृष्णा काही बोटी बघून मागे सरत नाही. इथे प्रश्न वेळेचा.

बॉम्बरच्या बाबतीत दोन्ही कारणं एकत्र येतात. ऊस वाहतुकीचा हिशेब लावा. फड कारखान्यापासून 10 किलोमीटरवर असेल तर ट्रॅक्टर दिवसात दोन-तीन खेपा करतो. 60 किलोमीटरवर असेल तर एकच, तीही ड्रायव्हरचा जीव काढून. मिझुरीहून इराणपर्यंत जाऊन परत यायला बी-2 ला दीड दिवस लागतो, वाटेत पुन्हा पुन्हा हवेतच इंधन भरून. आत माणसं दोनच, आळीपाळीनं डुलकी काढतात. दिएगो गार्सियाहून इराण पाच हजार किलोमीटरच्या घरात, म्हणजे एका बाजूचे सहा तास. तीच विमानं, तेच बॉम्ब, पण खेपा कितीतरी जास्त. एका रात्रीचा हल्ला घरून करता येतो. महिनाभर रोज हल्ले करायचे तर तळ जवळच लागतो. विमानं पुढे आणली की समोरच्याला हेही कळतं.

क्षेपणास्त्रं असताना एवढा खटाटोप कशाला?

मेजरांचा दुसरा प्रश्न हाच होता. खंडापार जाणारं क्षेपणास्त्र अर्ध्या तासात पोहोचतं. पाणबुडी महिनोन्महिने समुद्राखाली दडून राहते, तिला शोधणंच अवघड. मग हे हळू, दिसणारं, इंधन पिणारं धूड कशासाठी?

ज्यांनी ज्वारीची राखण केली आहे किंवा आजोबांकडून ऐकली आहे, त्यांना गोफण आठवेल. माळ्यावर उभा राहून राखणदार गोफण डोक्यावर गरगर फिरवतो. तिचा आवाज होतो, फिरणारा हात लांबून दिसतो. पाखरं तेवढ्यानंच उठतात. आणि मनात आलं तर तो हात थांबवून धोंडा खाली टाकू शकतो. क्षेपणास्त्र म्हणजे गोफणीतून सुटलेला धोंडा. एकदा गेला की गेला, त्याला माघारी बोलावता येत नाही. पाणबुडी म्हणजे उसात दबा धरून बसलेला माणूस. तो असेल या भीतीचाही वचक असतो, पण आज तो जास्त रागात आहे की कमी, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

बॉम्बर ही फिरती गोफण. देशातल्या तळावरून हलवली, ही एक पायरी. जवळच्या तळावर उतरवली, ही दुसरी. तिथून उडवून सीमेजवळून फिरवली, ही तिसरी. आणि प्रत्येक पायरीवरून मागे येता येतं, तेही फारशी नामुष्की न पत्करता, कारण ‘सराव होता, संपला’ असं म्हणायची सोय असते. मार्च 2013 मध्ये उत्तर कोरियाच्या धमक्या वाढल्या तेव्हा दोन बी-2 मिझुरीहून निघाली, दक्षिण कोरियातल्या सराव क्षेत्रावर नकली बॉम्ब टाकले आणि परत गेली. कुणाला खरचटलंही नाही, निरोप मात्र पोहोचला.

त्या निरोपाचा दुसरा वाचकही होता. दक्षिण कोरिया आणि जपान. ‘संकटात आम्ही येऊ’ हे अमेरिकेनं कागदावर लिहून दिलेलं आहे. पण पाठीशी कुणी उभं असल्याचं डोळ्यांनी दिसणं वेगळं. माझ्या मते अशा फेऱ्यांचा निम्मा उपयोग मित्रांचा धीर टिकवण्यासाठीच असतो, शत्रूला घाबरवण्याची बातमी तेवढी जास्त चालते.

कुणी खरंच घाबरतं का?

इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर हिशेब लागत नाही. वचक यशस्वी झाला तर काहीच घडत नाही, आणि जे घडलं नाही त्याचं कारण सिद्ध कसं करणार? दंगल झाली नाही ती पथसंचलनामुळे, की कुणाला करायचीच नव्हती?

1948 चा किस्सा बघा. सोव्हिएत रशियानं बर्लिनच्या पश्चिम भागाचे रस्ते, रेल्वे बंद केले. त्या जुलैत अमेरिकेनं सुमारे 60 बी-29 विमानं ब्रिटनमध्ये आणली. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान याच जातीचं, त्यामुळे जगानं काय समजायचं ते समजलं. प्रत्यक्षात आलेल्या विमानांपैकी एकातही अणुबॉम्ब वाहायची सोय नव्हती. तशी बदल केलेली विमानं थोडीच होती आणि ती अमेरिकेत होती. म्हणजे शेतात चक्क बुजगावणं! युद्ध झालं नाही, मे 1949 मध्ये कोंडी उठली. पण ती उठण्यात बुजगावण्याचा वाटा किती आणि बर्लिनला रोज विमानानं कोळसा-पीठ पुरवणाऱ्यांचा किती? माझं मत पीठवाल्यांच्या बाजूनं आहे.

आणखी एक भेद लक्षात ठेवण्यासारखा. ‘करू नकोस’ हे वचकानं साधतं, ‘जे चालू आहे ते बंद कर’ हे त्यामानानं फार अवघड. ‘इथे गाडा लावू नका’ ही पाटी बघून माणूस पुढे जातो. पण वीस वर्षं लावलेला गाडा हलवायचा म्हटलं की सगळा चौक गोळा होतो. हलला तर अब्रू गेली असं त्याला वाटतं. इराणला अणुकार्यक्रम सोडायला लावणं हे या दुसऱ्या जातीचं काम होतं.

जवळ नेलं म्हणजे शत्रूच्याही टप्प्यात आणलं

या प्रकारातली खरी गोम ही. मला वाटतं यावर बातम्यांत सगळ्यात कमी बोललं जातं.

1941 मध्ये जपानला आवर घालायला अमेरिकेनं फिलिपिन्समध्ये बी-17 बॉम्बर नेऊन ठेवली. एकूण 35. त्या काळात एवढी मोठी संख्या बघून जपान दबकेल, अशी अटकळ. 8 डिसेंबरला, पर्ल हार्बर या अमेरिकी तळावरच्या जपानी हल्ल्याची बातमी येऊन काही तास झालेले असताना, जपानी विमानं क्लार्क तळावर आली तेव्हा तिथली बॉम्बर जमिनीवर उभी होती. पहिल्याच दिवशी बी-17 चा जवळपास निम्मा ताफा गेला. वचक म्हणून ठेवलेली चीज शत्रूचं पहिलं लक्ष्य ठरली.

1954 मध्ये अमेरिकेतल्या रँड या संरक्षणविषयक अभ्यास करणाऱ्या संस्थेत अल्बर्ट वोलस्टेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच हिशेब मांडला: परदेशातल्या तळांवर बॉम्बर ठेवली तर अचानक हल्ल्यात ती उडायच्या आधीच संपतील. त्यापेक्षा विमानं घरी ठेवा आणि बाहेरचे तळ इंधन भरण्यापुरते वापरा. हवेत इंधन भरणाऱ्या टँकर विमानांचा मोठा ताफा पुढे उभा राहिला.

मग 1960 च्या दशकात दुसरं टोक गाठलं गेलं. विमान जमिनीवर सापडायलाच नको म्हणून अण्वस्त्रं घेतलेली काही बी-52 रात्रंदिवस हवेतच फिरत ठेवली. 17 जानेवारी 1966 रोजी स्पेनच्या पालोमारेस गावावर त्यातलं एक इंधन भरताना टँकरला धडकलं. चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले, तीन जमिनीवर, एक समुद्रात. अणुस्फोट झाला नाही, पण दोन बॉम्बमधली साधी स्फोटकं फुटून प्लुटोनियम शेतांवर पसरलं. टोमॅटोची शेतं होती ती. सुमारे 1,400 टन माती पिंपांत भरून जहाजानं अमेरिकेला न्यावी लागली. दोन वर्षांनी ग्रीनलंडमध्ये थुले तळाजवळ आणखी एक बी-52 बॉम्बसकट कोसळलं आणि हा प्रकार थांबला.

शत्रू नसतानाही परका तळ त्रास देतोच. 23 फेब्रुवारी 2008 रोजी प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावर एक बी-2 उड्डाण घेतानाच पडलं. कारण काय, तर दमट हवा. वेग आणि दिशा मोजणाऱ्या संवेदकांत ओल शिरली होती आणि संगणकाला चुकीचे आकडे मिळाले. त्यानं विमानाचं नाक नको तितकं वर उचललं. दोघे पायलट बाहेर फेकले जाऊन वाचले. विमानाची किंमत एक अब्ज डॉलरच्या वर. ओल काय करते हे आमच्या तासगावच्या बेदाणावाल्याला विचारा, तो सांगेल. बी-2 ची कातडी रडारला चकवणारी, म्हणून फार नाजूक. तिच्यासाठी हवा नियंत्रित ठेवणारे खास निवारे लागतात, आणि दिएगो गार्सियावर ते मुद्दाम उभारलेले आहेत.

आता तर धोका दूरच्या तळापुरताही राहिला नाही. 1 जून 2025 रोजी युक्रेननं मालट्रकमध्ये दडवलेले ड्रोन रशियाच्या आत खोलवर नेले आणि तळांवर उघड्यावर उभ्या असलेल्या बॉम्बरवर सोडले. सैबेरियातला बेलाया तळ तर युक्रेनच्या सीमेपासून चार हजार किलोमीटरहून दूर. हजारो किलोमीटर उडणारी विमानं ट्रकमधून आलेल्या, खेळण्याएवढ्या ड्रोननं जाळली.

एका जागी सापडण्याचा हा धोका होताच, आणि अमेरिकेनं 2020 मध्येच एक बदल केला होता. 2004 पासून गुआमवर आळीपाळीनं बॉम्बर कायम असायची. ते बंद करून आता छोटी पथकं कधी ब्रिटन, कधी ऑस्ट्रेलिया, कधी दिएगो गार्सिया अशी अवचित पाठवतात. रोज त्याच चौकात उभ्या असणाऱ्या हवालदाराकडे कुणी बघत नाही. अचानक उगवणारी नाकाबंदी मात्र सगळ्यांना सरळ करते. त्यातलाच हा प्रकार, आणि एका जागी सापडण्याची भीतीही कमी.

यात गैरसमजातून युद्ध पेटायचं नाही का?

पेटू शकतं. बी-52 आणि बी-2 साधे बॉम्बही नेतात आणि अण्वस्त्रंही. उडताना आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. बी-1 जातीचं बॉम्बर मात्र करारांनुसार बदल करून फक्त साध्या शस्त्रांपुरतं ठेवलेलं आहे. 1969 च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अण्वस्त्रं भरलेली 18 बी-52 सोव्हिएत हद्दीच्या दिशेनं पाठवली होती. ‘हा माणूस काहीही करेल’ असं मॉस्कोला वाटावं, हा हेतू. व्हिएतनाम युद्धाच्या बोलण्यांवर त्याचा दिसण्यासारखा परिणाम झाला नाही. एवढा मोठा जुगार आणि पदरात काही नाही.

आपल्याकडे अशी विमानं का नाहीत?

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे बॉम्बर होती. ब्रिटिशांनी कानपूरला मोडीत टाकून दिलेली लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टनं दुरुस्त करून हवाई दलाला दिली, ती 1968 पर्यंत चालली. कॅनबेरा 2007 पर्यंत होती. आणि नौदलाकडची तुपोलेव्ह-142 ही तर रशियाच्या मोठ्या बॉम्बरची सख्खी बहीण. आधी गोव्याला, मग तमिळनाडूत अरक्कोणमला. पण तिचं काम समुद्रावर गस्त आणि पाणबुड्यांचा शोध. 2017 मध्ये ती निवृत्त झाली.

दूर पल्ल्याची बॉम्बर घेतली नाहीत याचं साधं कारण शेजार. ज्यांच्यावर वचक ठेवायचा ते बांधाला बांध लावून आहेत. अमेरिकेला महासागर ओलांडावा लागतो, आपल्याला नाही. आपला अण्वस्त्रांचा वचक ‘पहिला वापर नाही’ या धोरणावर उभा आहे, म्हणजे घाव सोसून उलटा घाव घालायची खात्री हवी. त्याला अग्नी क्षेपणास्त्रं आणि अरिहंतसारखी दडलेली पाणबुडी जास्त उपयोगी. पुढे नेऊन ठेवण्याचा विचार आपल्याकडेही आहेच. जानेवारी 2020 मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या सुखोईंची तुकडी तंजावरला उभी केली, ती हिंदी महासागरावर लक्ष ठेवूनच.

पुन्हा चहाचा गाडा

हे सगळं मेजरांना मी दोन-तीन दिवसांत, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं. गोफणीचं त्यांना विशेष पटलं. मे महिन्यात बी-2 दिएगो गार्सियाहून परत गेली, त्यांच्या जागी बी-52 आली. मग जूनमध्ये इस्रायल आणि इराणचं युद्ध सुरू झालं.

21 जूनच्या शनिवारी संध्याकाळी गाड्यावर पावसाची भुरभुर चालू होती. एका पोरानं मोबाइल पुढे केला. विमानांचा माग काढणाऱ्या हौशी लोकांनी शोधलं होतं की मिझुरीहून बी-2 निघाली आहेत, पश्चिमेकडे, प्रशांत महासागरावरून गुआमच्या दिशेनं. मी अधिकारवाणीनं सांगून टाकलं, “म्हणजे पुन्हा पुढे आणून उभी करणार. दोन-चार दिवस दबाव टाकतील.” मेजरांनी मान डोलावली.

आपल्या घड्याळात पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा इराणमध्ये पहिला बॉम्ब पडला. दुसरी सात बी-2 मिझुरीहून गुपचूप पूर्वेकडे निघाली होती, कुठल्याही तळावर न उतरता. त्यांनी फोर्दो आणि नतांझ इथल्या अणुकेंद्रांवर मिळून 14 बॉम्ब टाकले, एकेक 13,600 किलोचा, आणि तशीच घरी परतली. पश्चिमेला गेलेली विमानं दाखवण्यापुरती होती, हे नंतर अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनीच सांगितलं. जगभरच्या माझ्यासारख्या जाणत्यांना गंडवायला.

रविवारी मेजर माझ्याआधी गाड्यावर हजर. छत्री मिटून खांबाला टेकवली, कटिंग हातात घेतला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “गोफण तिकडं फिरवली आन् धोंडा हिकडनं आला की वो!”